गालापागोसची बोटीवरची फोटो-सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सफरीची माहिती ग्रुपवर टाकली की दोन दिवस फोन खाली ठेवता येत नाही. त्यातले निम्मे प्रश्न मागच्या खेपेच्या लोकांनीही विचारलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिलाय.

१. गालापागोस नेमकं आहे कुठे? आणि बोटीवरच का राहायचं, हॉटेल नाही का?

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकमध्ये साधारण हजार किलोमीटर आत, विषुववृत्तावर. सगळी बेटं ज्वालामुखीची. समुद्राच्या तळाखाली एक तप्त ठिकाण आहे आणि त्याच्यावरून नाझ्का भूपट्ट पूर्वेकडे सरकतोय. त्यामुळे पूर्वेची एस्पान्योला, सान क्रिस्तोबाल ही बेटं म्हातारी, झिजलेली, आणि पश्चिमेची फर्नांदिना, इसाबेला अजून धुमसणारी. आपला सह्याद्रीही अशाच एका तप्त ठिकाणातून आलेल्या लाव्हाचा, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुना. सांतियागो बेटावर दोरखंडासारखा वळ्या पडलेला काळा लाव्हा आहे, वय जेमतेम सव्वाशे वर्षं. सह्याद्री तरुणपणी कसा दिसत असेल ते तिथे कळतं.

हॉटेलं आहेत, पण मोजक्या गावांत. बेटांची ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात येते. गावातून रोज स्पीडबोटीनं जाऊन यायचं तर सकाळचा चांगला उजेड प्रवासातच संपतो. बोटीवर राहिलं की रात्री ती चालते आणि पहाटे सहाला तुम्ही बेटासमोर असता. हेनोवेसा किंवा फर्नांदिनासारखी लांबची बेटं तर बोटीवर राहिल्याशिवाय पदरात पडत नाहीत.

२. कोणता महिना चांगला?

वाईट महिना नाही, पण प्रत्येक महिन्यात काहीतरी हुकतंच. जानेवारी ते मे गरम आणि अधूनमधून पावसाचा काळ: समुद्र शांत, पाणी कोमट, आकाश निळं, बेटं हिरवी. जून ते डिसेंबर दक्षिणेकडून येणाऱ्या हम्बोल्ट प्रवाहामुळे गार काळ. सकाळी धुकट ढग आणि भुरभुर पाऊस, त्याला तिथे ‘गारुआ’ म्हणतात. पाणी थंड आणि मासळीनं भरलेलं, त्यामुळे समुद्री पक्ष्यांची चंगळ.

मला विचाराल तर गारुआचा काळ. पर्यटक निळं आकाश मागतात, पण काळ्या खडकावर बसलेल्या पांढऱ्याशुभ्र नाझ्का बूबी या समुद्रपक्ष्याचा फोटो कडक उन्हात काढून बघा. ढगाळ उजेड म्हणजे आकाशभर पसरलेला सॉफ्टबॉक्स. मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा प्रश्न ६ वाचूनच ठरवा. अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी बघायला येणार असाल तर एप्रिल ते डिसेंबर यायला हवं. जानेवारी ते मार्च ते समुद्रावर असतात, एस्पान्योलावर एकही सापडत नाही.

३. माझ्याकडे ६०० एमएमची लेन्स आहे. आणू ना?

घरी ठेवा. हा प्रश्न प्रत्येक खेपेला येतो, आणि प्रत्येक खेपेला कुणीतरी तरीही आणतं. ताडोबात जिप्सीतून वाघ गाठायला मोठी लेन्स लागते, कारण प्राणी लांब असतो आणि खाली उतरता येत नाही. इथे उलटं. इथल्या प्राण्यांना माणसाची भीती ठाऊक नाही. निळ्या पायांचा बूबी वाटेवरच घरटं करतो आणि तुम्हीच त्याला वळसा घालून जायचं. ६०० एमएममध्ये त्याचा एक डोळा बसेल.

१००-४०० झूम हे इथलं मुख्य हत्यार. सोबत १६-३५ किंवा २४-७० सारखी रुंद लेन्स आणि शक्य असेल तर कॅमेऱ्याची दुसरी बॉडी. वाऱ्यात, वाळूत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर मीठ शिंपडणं. आमच्या ग्रुपमध्ये सर्वांत देखणे फोटो बहुधा रुंद लेन्सचे निघतात: पुढे इग्वाना, मागे ज्वालामुखी, वर ढग. असा फोटो भारतातल्या जंगलात काढायची संधी क्वचितच मिळते.

४. व्हिसा लागतो का? पिवळ्या तापाची लस खरंच घ्यायची का?

भारतीय पासपोर्टवर २०१९ पासून इक्वेडोरचा व्हिसा लागतो. दुसऱ्या देशाचा व्हिसा किंवा रहिवास असेल तर काही सवलती असू शकतात. त्या दूतावासाकडूनच विचारून घ्या, माझ्या मेसेजवर विसंबू नका. अमेरिकेमार्गे तिकीट स्वस्त दिसतं, पण तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. आम्ही युरोपमार्गे जातो. तिथलेही ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी तपासा.

लस घ्याच. इक्वेडोर पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे तिथून परतताना भारतच प्रमाणपत्र मागतो. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. साठीच्या पुढचे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

५. बोटीच्या भाड्याशिवाय अजून किती पैसे लागतील?

उद्यानाचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला २०० डॉलर, बारा वर्षांखालच्या मुलांना १००. ऑगस्ट २०२४ पर्यंत ते १०० होतं, त्यामुळे जुने लेख वाचून हिशोब करू नका. शिवाय इक्वेडोरच्या विमानतळावर घ्यायचं प्रवास-नियंत्रण कार्ड, २० डॉलर. हे सगळं रोख ठेवा. इक्वेडोरचं चलन अमेरिकी डॉलरच आहे, पण सुटे न्या. शंभराची नोट पाहिली की दुकानदार चेहरा पाडतो.

शेवटच्या रात्री गाइड आणि खलाशांसाठी बक्षिशीची पाकिटं ठेवायची प्रथा आहे. सक्ती नाही. पण पहाटे पाचला उठून तुमच्या पांगाची दोरी धरणारा माणूस आठवून आकडा ठरवा. पांगा म्हणजे बोटीवरून बेटावर नेणारी रबरी होडी. हा शब्द पुढे सारखा येणार आहे.

६. मला बोट लागते. अलिबागच्या कॅटमरानमध्येही लागते. येऊ का?

या. पण तयारीनं. आमची बोट सोळा प्रवाशांची, मोठ्या जहाजाइतकी स्थिर नसते. खरा त्रास रात्रीच्या लांब पल्ल्यात, विशेषतः हेनोवेसाला जाता-येताना. केबिन निवडताना खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची मागा. वरच्या मजल्यावरचा देखावा छान, पण झोका दुप्पट.

गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, बोट निघायच्या तासभर आधी घ्यायची. बरेच जण एव्होमिन घेतात. तिनं झोप येते, म्हणून रात्रीच ठीक. कुठली आणि किती हे डॉक्टरांना विचारा. आलेपाक आणा. रिकाम्या पोटी राहू नका आणि खवळलेल्या समुद्रात केबिनमध्ये बसून लॅपटॉपवर फोटो निवडू नका. मी एकदा निवडले होते. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर माझी खुर्ची रिकामी होती.

७. पोहता येत नाही, गुडघेही कुरकुरतात. जमेल का?

पोहणं अनिवार्य नाही. ज्यांना येतं ते स्नॉर्केलिंगला जातात, बाकीचे पांगातून किनाऱ्यालगत फिरतात. पेंग्विन पांगातूनच चांगले मिळतात.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी कळायला हव्यात. ‘ड्राय लँडिंग’ म्हणजे होडीतून थेट खडकावर किंवा धक्क्यावर पाऊल, आणि खडक निसरडा असतो. ‘वेट लँडिंग’ म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरून वाळूवर चालत जाणं. दोन्हीत खलाशी हात देतो आणि तुम्ही त्याचं मनगट धरायचं, बोटं नाही. दुसरी गोष्ट बार्तोलोमे बेटावरचा लाकडी जिना. पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या, पर्वतीच्या साडेतीनपट, वर ११४ मीटरवर माथा. नको वाटला तर खाली राहा, पांगातून पेंग्विन शोधा. चालणं बाकी कुठे फार नाही, पण ओबडधोबड लाव्हावर आहे. घोटा धरणारे बूट हवेत.

हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर बेटांवर जाण्याआधी इक्वेडोरची राजधानी कीतोऐवजी ग्वायाकिल शहरात मुक्काम करा. कीतो २,८५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही बाराशे मीटरनं उंच. ग्वायाकिल समुद्रसपाटीला आहे.

८. शाकाहारी जेवण मिळेल? आणि खाऊ नेला तर चालेल का?

मिळेल. बोटीवरचा आचारी भात, घेवडा, मसूर, तळलेली केळी, भाज्या असं करतो. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा. बोट निघाल्यावर वाण्याचं दुकान नसतं.

खाऊच्या बाबतीत सावध. बेटांवर बाहेरचं बी-बियाणं, ताजी फळं, माती जाऊ नये म्हणून विमानतळावर सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते आणि बॅगेला सील लागतं. मोडाची मटकी, कच्चे शेंगदाणे, मेथीदाणे, लिंबं, कढीलिंब, सगळं घरी ठेवा. कारखान्यात बंद केलेली बाकरवडी किंवा भाजलेला चिवडा सहसा अडवत नाहीत, तरी विचारलं तर दाखवा, लपवू नका. बुटांच्या तळव्यात अडकलेलं गवताचं कुसळही त्यांच्या लेखी बियाणंच. निघण्याआधी बूट घासून धुवा.

९. बोटीवरचा दिवस कसा जातो?

विषुववृत्तावर वर्षभर सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो, तेही झटकन. बेटावर थांबायची परवानगीही साधारण तेवढ्याच वेळात. म्हणून आमची पहिली पांगा सहाला निघते, नाश्ता परतल्यावर. नऊनंतर उन्हाची सावली पायाखाली येते, तेव्हा बेट सोडून पाण्यात उतरायचं. दुपारी जेवण, झोप, कार्ड रिकामी करणं. साडेतीनला पुन्हा बेट, सूर्यास्ताला परत. रात्री गाइड उद्याचं बेट समजावतो आणि नांगर उचलला जातो. घरी फोन करायचा तर लक्षात ठेवा, बेटं आपल्या साडेअकरा तास मागे आहेत आणि खुल्या समुद्रात रेंज मिळेलच असं नाही.

१०. तुम्ही फोटोग्राफीचे गाइड आहातच, मग तिथला वेगळा गाइड कशाला?

कारण कायदा. उद्यानाचा परवाना असलेल्या निसर्ग-गाइडशिवाय या बेटांवर पाऊल ठेवता येत नाही, आणि एका गाइडमागे जास्तीत जास्त सोळा पर्यटक. मी उजेड, कोन, सेटिंग सांगतो. कुठे थांबायचं, किती वेळ, कुठून वळायचं हे तो सांगतो. आमच्यात मतभेद झाला तर त्याचं चालतं, माझं नाही.

११. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं म्हणता. पण प्राणीच जवळ आला तर?

येतोच. सी-लायनचं पिल्लू बुटाची नाडी हुंगतं, एस्पान्योलावरचा मॉकिंगबर्ड पक्षी पाण्याच्या बाटलीवर येऊन बसतो. नियम तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. तरी तुम्ही शक्य तेवढं मागे सरकायचं, नाहीतर स्तब्ध राहायचं. हात लावायचा नाही, पाणी द्यायचं नाही, चुचकारायचं नाही. मॉकिंगबर्डला एक थेंब पाजला की तो पुढच्या प्रत्येक ग्रुपच्या डोक्यावर बसतो.

एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे: जवळ जाऊ नका, खाली बसा. एस्पान्योलावर समुद्री इग्वाना ढिगानं पडलेले असतात, अंगावर हिरवी-तांबडी झाक. उभ्यानं काढलेल्या फोटोत ते गालिचा दिसतात. वाटेवरच बसून कॅमेरा जमिनीलगत धरा, सूर्य त्यांच्या मागे घ्या आणि थांबा. समुद्रातून गिळलेलं मीठ ते नाकातून शिंकून टाकतात. आधी डोकं किंचित वर जातं, मान आखडते, मग फवारा. डोकं वर जाताच बटण दाबून धरा, शटर १/२००० च्या वर. शिंक ऐकू आल्यावर दाबलंत तर उशीर झाला.

१२. फ्लॅश, ड्रोन, ट्रायपॉड: काय चालतं?

फ्लॅश नाही. ड्रोन नाही, पर्यटकांना पूर्ण बंदी; बॅगेत ठेवून ‘बघू’ असंही नाही. ट्रायपॉड अरुंद वाटेवर इतरांना आडवा येतो आणि पांगात निरुपयोगी. मोनोपॉड आणा, तोही वापराल असं वाटत नाही.

१३. समुद्राच्या हवेत कॅमेरा कसा सांभाळायचा?

ड्राय बॅग ही लेन्सपेक्षा आधी घ्यायची वस्तू. पांगात चढता-उतरताना कॅमेरा गळ्यात नाही, बॅगेत. दुसरी चूक सगळे करतात: एसी केबिनमधून कॅमेरा थेट दमट डेकवर आणतात, लेन्सवर आतून-बाहेरून वाफ धरते आणि सकाळची पहिली वीस मिनिटं पुसण्यात जातात. रात्री कॅमेरा बंद बॅगेत, सिलिका जेलसोबत ठेवा आणि निघण्याच्या अर्धा तास आधी ती बॅग तशीच बाहेर आणून ठेवा. संध्याकाळी ओल्या, पिळलेल्या कापडानं मीठ पुसायचं, कोरड्यानं नाही. मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात.

चार्जिंग: बोटीवर वीज ११० व्होल्ट, पिना अमेरिकेसारख्या चपट्या. चार्जरवर १००-२४० लिहिलंय ना बघा, मग फक्त अडॅप्टर पुरतो. एका केबिनमध्ये प्लग मोजके, म्हणून छोटा एक्स्टेन्शन बोर्ड आणणारा माणूस ग्रुपमध्ये लाडका ठरतो.

१४. आठ दिवसांत अल्बाट्रॉस, न उडणारा पाणकावळा आणि लाल पायांचा बूबी, तिन्ही मिळतील ना?

बहुधा नाही. प्रत्येक बोटीला उद्यान ठरावीक मार्ग देतं आणि तीच जागा चौदा दिवसांत पुन्हा करता येत नाही. त्यामुळे मार्ग पूर्व-पश्चिम असे विभागलेत. अल्बाट्रॉस आग्नेयेला एस्पान्योलावर. न उडणारा पाणकावळा फक्त पश्चिमेला, फर्नांदिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर, पंख आखडून फाटकी छत्री झालेले. लाल पायांच्या बूबींची मोठी वसाहत ईशान्येला हेनोवेसावर. तिन्ही हवे तर पंधरा दिवस काढा, नाहीतर एक निवडा.

एकच निवडायचं तर मी हेनोवेसा घेईन. तिथलं आखूड कानांचं घुबड हिवाळ्यात आपल्या माळरानांवर येतं त्याच जातीचं. पण तिथे ते भर दिवसा लाव्हाच्या भेगेपाशी दबा धरून बसतं आणि बिळातून निघणारे स्टॉर्म पेट्रेल हे छोटे समुद्रपक्षी पकडतं. रंग लाव्हाचाच. गाइडनं दाखवल्यावरही दिसायला दोन मिनिटं लागतात. शिवाय पावसाळी वादळात कोकण किनाऱ्यावर भरकटून येणारे फ्रिगेट आणि बूबी या पक्ष्यांचे भाऊबंद तिथे शेकड्यांनी.

१५. गुलाबी इग्वाना, डार्विनची कमान आणि वाहता लाव्हा दिसेल का?

गुलाबी इग्वाना: नाही. ते फक्त इसाबेलाच्या वुल्फ ज्वालामुखीवर आहेत, संख्या दोनशेच्या आसपास, आणि तो भाग पर्यटकांना बंद.

कमान: डार्विन बेटाजवळची ही समुद्रातली खडकाची कमान १७ मे २०२१ रोजी कोसळली, आता दोन खांब उरलेत. जुने फोटो अजून जाहिरातींत फिरतात. डार्विन आणि वुल्फ बेटांकडे फक्त डायव्हिंगच्या बोटी जातात आणि तिथेही बेटावर उतरता येत नाही. नावांत गल्लत करू नका: वुल्फ बेट वेगळं, वुल्फ ज्वालामुखी वेगळा.

लाव्हा: नशीब. २०१८ मध्ये सिएरा नेग्रा ज्वालामुखी, २०२२ मध्ये वुल्फ, मार्च २०२४ मध्ये फर्नांदिनाचा ला कुंब्रे जागा झाला. त्या वेळी मार्गावर असलेल्या बोटींना रात्री समुद्रावरून लाल धार दिसली. यावर बुकिंग करू नका.

१६. सी-लायनचं पिल्लू एकटंच ओरडत होतं. मदत करायला नको का?

नको. आई मासे धरायला गेलेली असते आणि वासावरून पिल्लू ओळखते. तुमचा वास लागला तर ती त्याला नाकारू शकते. याहून अवघड प्रसंग नाझ्का बूबीच्या घरट्यात येतो. दोन्ही अंड्यांतून पिल्लं निघाली तर थोरलं पिल्लू धाकट्याला घरट्याबाहेर ढकलतं आणि आईबाप तिथेच बसून राहतात. गेल्या खेपेला एक काकू गाइडशी वीस मिनिटं भांडल्या. तो शांतपणे ‘नो, सेन्योरा’ म्हणत राहिला. फोटो काढा किंवा नजर वळवा, तिसरा पर्याय नाही.

१७. एखादा शंख, लाव्हाचा छोटासा खडा, चिमूटभर वाळू?

काहीच नाही, हाड किंवा पीससुद्धा नाही. विमानतळावर बॅगा तपासतात.

१८. हे फोटो स्पर्धेला पाठवता किंवा विकता येतील का?

स्वतःच्या हौसेनं काढलेले फोटो स्पर्धेला पाठवायला हरकत नसते. जाहिरात किंवा माहितीपटाचं चित्रीकरण असा धंद्याचाच बेत असेल तर उद्यानाची वेगळी परवानगी आधी काढावी लागते, आणि ती बोटीवर बसून मिळत नाही.

१९. एल निन्योचं वर्ष निघालं तर पैसे पाण्यात जातील का?

चित्र बदलेल एवढं खरं. एल निन्योत पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापतं. पाणी तापलं की मासळी आणि शेवाळ घटतं, आणि त्यावर जगणारे उपाशी पडतात. १९८२-८३ च्या एल निन्योत इथले पेंग्विन ७७ टक्क्यांनी घटले. शेवाळावर जगणारे समुद्री इग्वाना अशा वर्षी चक्क लांबीनंही आखडतात आणि अन्न परतलं की पुन्हा वाढतात. जमिनीवर मात्र पाऊस भरपूर, त्यामुळे सांताक्रूझ बेटाच्या डोंगरातली महाकाय कासवं हिरव्या गवतात मिळतात. आम्ही सफर रद्द करत नाही, अपेक्षा बदलायला सांगतो.

२०. नवऱ्याला फोटोग्राफीत शून्य रस आहे. तो कंटाळेल का?

एकाच बूबीपाशी चाळीस मिनिटं बसणाऱ्या बारा लोकांसोबत? पहिल्या दिवशी कदाचित. त्यांना दुर्बीण घेऊन द्या आणि गाइडच्या शेजारी चालायला सांगा. मागच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी कॅमेरा हातात घेतला नाही. फर्नांदिनाच्या खडकावर बसून त्यांनी एका सकाळी इग्वानाच्या त्र्याहत्तर शिंका मोजल्या आणि खिशातल्या वहीत वेळेसकट लिहून ठेवल्या. शिंकेचा फोटो कुणालाच साधत नव्हता, तेव्हा पुढची शिंक कुठला इग्वाना देणार हे तेच सांगत होते.